डेम्लो संख्या

डेम्लो संख्या : ज्या पूर्णांकाचे डावा, मधला व उजवा असे तीन भाग पाडता येतात, ज्याच्या मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो आणि डाव्या व उजव्या भागांच्या बेरजेतही तोच अंक एकदा किंवा अनेकदा मिळतो, अशा पूर्णांकास डेम्लो संख्या म्हणतात. उदा., १६५ या संख्येत १ + ५ = ६ आणि मधला अंक ६ आहे. ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७ असून मध्ये ७७७ आहेत. १२३३३२१ चे १२, ३३३ व २१ असे भाग केल्यास १२ + २१ = ३३ येतात. या वर्गातील सर्वांत देखणी व सर्वांत जुनी नोंद असलेली मोठी संख्या म्हणजे १२३४५६५४३२१ ही होय. तिचा मधला अंक ६ असून १२३४५ + ५४३२१ = ६६६६६ होतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच संख्येच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

हे नाव भारतीय गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर (१९०५–८६) यांनी दिले. काप्रेकर यांचा जन्म डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर १९३०–६२ या काळात ते नासिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. तत्कालीन ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील, मुंबईपासून सु. ४८ किमी. अंतरावरच्या डोंबिवली स्थानकावर या संख्यांची कल्पना त्यांना सुचली आणि त्या स्थानकाच्या ‘डेम्लो’ या नावावरून त्यांनी संख्यांना हे नाव दिले, असे नमूद आहे. एखाद्या रेल्वे स्थानकाचे नाव संख्यांच्या वर्गास मिळाल्याचे उदाहरण गणितात क्वचितच सापडेल. या विषयावरील त्यांचा लेख १९३८ मध्ये द मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात आला. पुढील वर्षी के. आर. गुंजीकर यांच्या सहकार्याने लिहिलेला सैद्धांतिक लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काप्रेकर यांचे नाव मात्र जगभर झाले ते ६१७४ या चार अंकी स्थिरांकामुळे. त्या मानाने डेम्लो संख्या उपेक्षित राहिल्या, वस्तुतः त्यांच्यातील गणित अधिक खोल आहे.

महावीराचार्यांचा उल्लेख : १२३४५६५४३२१ ही संख्या काप्रेकरांच्या पूर्वी सु. अकराशे वर्षे दक्षिणेत लिहिली गेली होती. जैन गणितज्ञ महावीराचार्य (इ. स. सु. ८५०) यांच्या गणितसारसंग्रह या संस्कृत ग्रंथातील गुणाकाराच्या प्रकरणात ती आली आहे. ग्रंथारंभी त्यांनी अमोघवर्ष (कार. ८१४–७८) या राष्ट्रकूट राजाची स्तुती केली असून त्यावरून त्यांना राजाश्रय लाभला असावा, असे मानतात. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट (सध्याचे कर्नाटकातील मालखेड) ही होती. राष्ट्रकूट राजे मात्र आपल्या लेखांत स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि लट्टलूर म्हणजे मराठवाड्यातील लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लातूरपासून मुखेड व कंधारपर्यंतचा मुलूख त्यांच्या राज्याच्या अंतर्भागात मोडत होता. कंधार येथे त्या काळचे अवशेष आजही आढळतात. तेव्हा ज्या राज्यात ही संख्या प्रथम ग्रंथबद्ध झाली, त्यात आजचे नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे समाविष्ट होते, असे म्हणण्यास हरकत नाही. एम्. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती १९१२ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाली व त्यामुळे तो आधुनिक वाचकांपर्यंत पोहोचला.

महावीराचार्यांनी गुणाकाराची अशी काही उदाहरणे योजली, की उत्तरातील अंक गळ्यातील माळेप्रमाणे मांडलेले दिसावेत. अशा उत्तरांना त्यांनी राजाच्या कंठिकेची, म्हणजे गळ्यातील अलंकाराची उपमा दिली आहे. त्यांतील काही पुढीलप्रमाणे आहेत :

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
१२३४५६७९ × ९ = १११११११११
१४२८५७१४३ × ७ = १००००००००१
३३३३३३६६६६६७ × ३३ = ११००००११००००११
२७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१

ही उत्तरे सहज हाती लागणारी नव्हेत. ७३ ने गुणले असता आठ एकांची माळ मिळेल, हे जाणण्यासाठी आधी ती माळ ७३ ने भागून पाहावी लागते, म्हणजे शोध उत्तराकडून गुण्याकडे उलट जातो. त्यामुळे ही केवळ विद्यार्थ्यांसाठी रचलेली सरावाची उदाहरणे नसून त्यांच्यामागे अवयव पाडण्याचे बरेच काम झालेले असले पाहिजे.

एवढ्या मोठ्या संख्या वाचण्याची सोयही ग्रंथात आहे. जैन परंपरेत प्रचंड संख्यांचे आकर्षण जुने होते. शीर्षप्रहेलिका या कालगणनेतील संख्येत १९४ अंक येतात. महावीराचार्यांनी एक, दश, शत यांपासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. त्यांच्या यादीप्रमाणे १२३४५६५४३२१ मधील सर्वांत डावीकडील १ हा अकराव्या म्हणजे अर्बुद या स्थानी येतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (बारावे शतक) अठराच स्थाने असून तेथे याच स्थानास खर्व असे नाव आहे. सध्याच्या वाचनानुसार ही संख्या बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस अशी वाचतात.

संख्येची घडण : १२३४५६५४३२१ हा १११११११ पेक्षा एका एकाने लहान असलेल्या, म्हणजे सहा एकांच्या, १११११११११ या माळेच्या धर्तीवरील संख्येचा वर्ग आहे : १११११११ नव्हे, तर १११११ पुढे आणखी एक १ लिहून होणाऱ्या १११११‌१ या संख्येचा. केवळ १ हा अंक पुनःपुन्हा लिहून होणाऱ्या अशा संख्येस येथे ‘एकावृत्ती संख्या’ म्हटले असून (इंग्रजीत तिला रेप्युनिट म्हणतात) सहा एकांची संख्या ए(६) अशी दर्शविली आहे. ए(६) ला ए(६) ने नेहमीच्या रीतीने गुणताना तीच ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून सहा वेळा लिहावी लागते. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १ येतो, त्याच्या डावीकडील स्तंभात दोन, नंतर तीन, असे होत मधल्या स्तंभात सहाही ओळींतील १ एकाखाली एक येतात आणि पुढे स्तंभ त्याच क्रमाने उतरत जातात. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ पेक्षा अधिक नसल्याने हातचा घ्यावा लागत नाही व स्तंभांच्या उंच्याच उत्तराचे अंक होतात. याच कारणाने १, १२१, १२३२१, १२३४३२१ … या क्रमाने वर्ग मिळत जातात. काप्रेकर यांनी यांना ‘अद्‌भुत डेम्लो संख्या’ म्हटले.

अंकांची बेरीजही यावरूनच समजते. सहा ओळींत सहा-सहा एक असल्याने ती ३६, म्हणजे ६ चा वर्ग येते. १२३४५६५४३२१ ला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ३६ ने गुणल्यास ४४४४४३५५५५५६ येतात व हा ६६६६६६ चा पूर्ण वर्ग असतो. हेच अंक एका अगदी निराळ्या ठिकाणी भेटतात. सहा बाजूंचे दोन फासे एकदम टाकले असता २ पासून १२ पर्यंतची दाने पडण्याचे प्रकार अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १ इतके असून एकूण प्रकार ३६ आहेत. हा योगायोग नव्हे. पहिल्या फाशाच्या प्रत्येक बाजूशी दुसऱ्याची प्रत्येक बाजू जोडणे आणि एका ओळीतील प्रत्येक १ ला दुसऱ्या ओळीतील प्रत्येक १ ने गुणणे, या दोन्ही क्रिया एकच आहेत.

वरील क्रम नऊ एकांपर्यंत चालतो. ए(९) चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असून त्यात १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९ होतात. दहा एकांच्या वर्गात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तेथे ० लिहून हातचा १ डावीकडे जातो, तो ९ ला मिळून पुन्हा १० होतात, पुन्हा ० येते व पुढचा हातचा ८ ला मिळून ९ होतात. म्हणून उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते आणि माळ तुटते. महावीराचार्यांच्या १२३४५६७९ या गुण्यात ८ हा अंक का नाही, असा प्रश्न वाचकांना नेहमी पडतो. त्याचे उत्तर याच हातच्यात आहे. १/९ म्हणजे ०·१११… या न संपणाऱ्या माळेचा वर्ग १/८१ होतो आणि दशांश रूपात तो ०·०१२३४५६७९०१२३४५६७९… असा येतो. तेथेही दहाव्या स्तंभाचा हातचा ८ ला गिळून त्याचा ९ करतो.

पायाचा प्रश्न : यावरून दिसते, की हे सौंदर्य काही अंशी दशमान लेखनपद्धतीचे आहे. पाया ८ घेतला, तर सात एकांपर्यंतच क्रम चालेल आणि पाया १२ घेतला, तर तो अकरा एकांपर्यंत जाईल. पाया ८ मध्ये १२३४५६५४३२१ असे लिहिलेली संख्या म्हणजे आपली १४०२४२७६०१ (३७४४९ चा वर्ग) होय. दशमान पद्धतीत तिच्यात माळेचा मागमूसही उरत नाही. इंग्रज गणितज्ञ जी. एच्. हार्डी यांनी ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी (१९४०) या पुस्तकात अशा अंकवैचित्र्यांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. ८७१२ व ९८०१ या संख्या आपल्याच उलट्या रूपांच्या अनुक्रमे चौपट व नऊपट आहेत, या गोष्टीचे उदाहरण देऊन त्यांनी अशी विधाने करमणुकीच्या सदरात शोभणारी असली, तरी गणितज्ञाला त्यांत काही मोल नाही, असे मत मांडले. भारतातही काप्रेकर यांच्या कामाकडे अनेक व्यावसायिक गणितज्ञ क्षुल्लक म्हणून पाहत. आपल्या अनेक पुस्तिका त्यांना स्वतःच प्रसिद्ध कराव्या लागल्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर ही उपेक्षा कमी झाली.

हार्डी यांचा आक्षेप त्यांनी निवडलेल्या उदाहरणांना लागू पडतो, डेम्लो संख्यांना तो पूर्णपणे लागू पडत नाही. १२३४५६५४३२१ मागील खरे विधान अंकांविषयी नसून १ + क्ष + क्ष चा वर्ग + … + क्ष चा पाचवा घात या बहुपदीच्या वर्गाविषयी आहे. ते क्ष च्या कोणत्याही मूल्यास खरे ठरते. क्ष = १० ठेवल्यावर ते फक्त आपल्या लेखनात उघड दिसू लागते. हीच बहुपदी (१ + क्ष), (१ + क्ष + क्ष²) व (१ – क्ष + क्ष²) या तीन अवयवांत फुटते. तेथे १० ठेवल्यास ए(६) = ११ × १११ × ९१ हे अवयव आपोआप हाती येतात.

अवयव : १११ = ३ × ३७ व ९१ = ७ × १३ असल्यामुळे ए(६) चे अविभाज्य अवयव ३, ७, ११, १३ व ३७ हे आहेत आणि १२३४५६५४३२१ मध्ये यांतील प्रत्येक अवयव दोनदा येतो. त्यामुळे तिला एकूण २४३ भाजक आहेत. महावीराचार्यांच्या गुणाकाराचे रहस्यही येथे उलगडते. ४४१ हा २१ चा, म्हणजे ३ × ७ चा वर्ग आहे. उरलेला २७९९४६८१ हा ११ × १३ × ३७ = ५२९१ चा वर्ग आहे. म्हणजे त्यांनी एका पूर्ण वर्गाचे दोन पूर्ण वर्गांत विभाजन करून, त्यांपैकी मोठा भाग ओळखू येणार नाही अशा रूपात विद्यार्थ्यापुढे ठेवला. एखाद्याने १२३४५६५४३२१ चे वर्गमूळ काढून पुन्हा वर्गमूळ काढू पाहिले, तर ते पूर्णांकात निघत नाही. ११ ने शेवट होणाऱ्या संख्येस ४ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि पूर्ण वर्गास ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च असू शकते. म्हणून १ खेरीज कोणतीही एकावृत्ती संख्या पूर्ण वर्ग नसते.

काप्रेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका वर्गाशीही ही संख्या जोडलेली आहे. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्या परत मिळते, तिला काप्रेकर संख्या म्हणतात. उदा., २९७ चा वर्ग ८८२०९ असून ८८ + २०९ = २९७ होतात. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ + १२२४४९ = १४२८५७ होतात. ए(६) च्या वर्गाचे उजवीकडून सहा अंक तोडल्यास १२३४५ + ६५४३२१ = ६६६६६६ होतात, म्हणजे मूळ संख्या नव्हे, तर तिची सहापट मिळते. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या १२३४५ × ९ + ६ = ए(६) या सुपरिचित गुणाकारातच याचे कारण आहे. या समीकरणाच्या दोन्ही बाजूंस ए(६) ने गुणल्यास ए(६) चा वर्ग = १२३४५ × ९९९९९९ + ६६६६६६ असे रूप येते. ९९९९९९ हे दहा लक्षांहून एकने कमी असल्यामुळे १२३४५ दहा लक्षांच्या पुढे जाऊन बसतात आणि ६६६६६६ मधून १२३४५ वजा होऊन ६५४३२१ उरतात. नऊ एकांच्या वर्गात याच रीतीने १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९, म्हणजे ए(९) ची नऊपट मिळते.

आवर्ती दशांशांशी संबंध : १/७ चे दशांश रूप ०·१४२८५७१४२८५७… असे सहा अंकांनी पुनःपुन्हा येते. १/१३ चे आवर्तनही सहा अंकांचे आहे, १/३७ चे तीन व १/११ चे दोन अंकांचे आहे. ही चारही आवर्तने ६ ला पूर्ण भाग देणारी आहेत आणि ७, ११, १३ व ३७ हे नेमके ए(६) चे अवयव आहेत. याचे कारण असे, की एखाद्या अविभाज्य संख्येच्या व्युत्क्रमाचे आवर्तन सहा अंकांत पुरे होणे म्हणजे त्या संख्येने ९९९९९९ ला नि:शेष भाग जाणे होय. ९९९९९९ = ९ × ए(६) असल्यामुळे ३ हा एक अपवाद सोडता (१/३ चे आवर्तन एकाच अंकाचे आहे) अशा सर्व अविभाज्य संख्या ए(६) मध्ये एकत्र येतात. त्यामुळे १२३४५६५४३२१ ही सहा अंकांत किंवा ६ च्या एखाद्या भाजकाइतक्या अंकांत आवर्तन पुरे करणाऱ्या अविभाज्य संख्यांची जणू यादीच ठरते. महावीराचार्यांच्या यादीतील आठ एकांच्या माळेला ७३ ने भाग जातो, कारण १/७३ चे आवर्तन आठ अंकांचे आहे. व्यापकपणे, २ व ५ वगळता प्रत्येक अविभाज्य संख्या कोणत्या ना कोणत्या एकावृत्ती संख्येचा अवयव असतेच. [⟶ संख्या सिद्धांत].

याच्या उलट प्रश्न अधिक कठीण आहे : कोणत्या एकावृत्ती संख्या स्वतःच अविभाज्य असतात? एकांची संख्या संयुक्त असेल, तर हे शक्य नसते. ए(६) ला ए(२) व ए(३) या दोहोंनी भाग जातो, तसेच इतरत्रही होते. एकांची संख्या अविभाज्य असणे मात्र पुरेसे नाही. ए(३) = ३ × ३७ आणि ए(५) = ४१ × २७१ आहे. ए(२) म्हणजे ११ नंतरची अविभाज्य एकावृत्ती संख्या एकदम एकोणीस एकांची आहे व तिच्यानंतरची तेवीस एकांची. त्यापुढील ३१७ व १०३१ एकांच्या संख्यांची अविभाज्यता सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १०३१ एकांच्या संख्येची सिद्धता एच्. सी. विल्यम्स व हार्व्हे डबनर यांनी १९८६ मध्ये, म्हणजे काप्रेकर यांच्या निधनाच्याच वर्षी, पूर्ण केली. डबनर यांना १९९९ मध्ये ४९०८१ एकांची संख्या अविभाज्य असावी असे आढळले होते, पण तिची पक्की सिद्धता २०२२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने मिळाली. अशा संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.